प्रोटॉन आणि एक्स-रे यात फरक आहेच, पण...

प्रोटॉन थेरपी (कॅन्सरच्या गाठीवर प्रोटॉन कणांचं रेडिएशन) म्हणजे नेहमीच्या एक्स-रे रेडिएशनचाच नुसता महागडा प्रकार, असं काही जण म्हणतात, ते तितकंसं बरोबर नाही. एक्स-रे गाठीतून आरपार जातो, प्रोटॉन मात्र ठरावीक खोलीवर बहुतेक एनर्जी टाकतो आणि तिथेच थांबतो, यालाच ब्रॅग पीक म्हणतात. लहान मुलाच्या मणक्याला रेडिएशन द्यायचं असेल तर पाठीतून सोडलेला बीम मणक्यापाशीच संपतो, पुढचं हृदय, आतडी बरीचशी वाचतात, हे काय थोडंथोडकं आहे का!

प्रोटॉनने उपचार करायची आयडिया १९४६ची, फिजिसिस्ट रॉबर्ट विल्सनची (हो, तोच अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रोजेक्टवाला), पहिला पेशंट १९५४ला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत, पण हॉस्पिटलमध्येच बसवलेलं मोठं मशीन यायला तिथल्याच लोमा लिंडात १९९० उजाडलं.

गोची अशी की पेशंट बारीक झाला किंवा सायनस भरलं तरी बीम थांबायची जागा सरकते, मग परत सीटी काढा, परत प्लॅन करा. आणि सरसकट सगळ्यांना याची गरजही नाही, २०२४ला पार्टिकॉल (PARTIQoL) ट्रायलचे रिझल्ट आले त्यात प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी प्रोटॉन आणि एक्स-रे या दोन्हीत खास फरक दिसला नाही. मला स्वतःला फ्लॅश नावाच्या नव्या रेडिएशन पद्धतीची जास्त उत्सुकता आहे, त्यात सेकंदाच्याही आत अख्खा डोस देतात, माणसांवरच्या ट्रायल्स २०२०पासून सुरू झाल्यात.