मदत हवी आहे: ऱ्होड्स बेटावर चार दिवस, सोबत गडवेडे बाबा

मंडळी नमस्कार,

आम्ही म्युनिकला असतो. पुण्याहून आई-बाबा आलेत, त्यांना घेऊन ऑक्टोबरात ग्रीसच्या ऱ्होड्सला चाललोय. आईला समुद्र दिसला की झालं. प्रश्न बाबांचा आहे. उभा जन्म सह्याद्रीतले गड पालथे घातलेला माणूस. आता गुडघा कुरकुरतो, पण बुरूज दिसला की ऐकत नाही.

त्यांचं वाचन आधीच जोरात आहे. तेव्हा बेटावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या नाईट्सनी (ख्रिस्ती लढवय्यांच्या संघाने) १४८० चा तुर्की वेढा कसा परतवला, १५२२ ला सुलतान सुलेमानाने सहा महिने वेढल्यावर तह करून शिबंदी हत्यारांसकट कशी बाहेर पडली, हे रोज जेवताना ऐकतोय.

तर, लिंडोसचा किल्ला त्यांना झेपेल का? खाली गाढवं मिळतात म्हणे. ग्रँड मास्टरचा, म्हणजे नाईट्सच्या प्रमुखाचा, राजवाडा मुळातला आहे की नंतर बांधलेला? कोलोससचं, म्हणजे त्या प्राचीन महाकाय पुतळ्याचं, काही उरलंय का? शिवाय एक दिवस बोटीने तुर्कस्तानातल्या मार्मारिसला जाऊन यावं असा विचार आहे.

प्रतिसाद १

कोलोसस विसरा. इ.स.पू. २२६ च्या भूकंपात पडला, आज काहीही नाही. मांद्राकी बंदराच्या तोंडाशी खांबांवर हरणांचे पुतळे आहेत, फोटो तिथलाच काढतात.

गाढव किल्ल्याच्या दारापर्यंतच नेतं, पुढचा उभा जिना स्वतःच चढायचा. तो चढण्याआधी कातळात कोरलेला जहाजाचा मागचा भाग दिसतो, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. गुडघा नाहीच म्हणाला तरी बाबांना तिथवर न्याच. सकाळी उघडताच जा.

राजवाड्याचं म्हणाल तर १८५६ च्या दारूगोळ्याच्या स्फोटात त्याची वाट लागली होती. आज दिसतो तो बराचसा इटालियनांनी १९३७ ते ४० मध्ये उभारलेला, आतली मोझेक फरशी कोस बेटावरून आणलेली. मला तो जरा नाटकाच्या सेटसारखा वाटला. त्यापेक्षा तटाबाहेरच्या कोरड्या खंदकातून फिरा. चढ फारसा नाही, दगडी तोफगोळे अजून पडलेत, आणि नाईट्सचे भाषेनुसार गट होते, तटाचा कुठला भाग कुठल्या गटाने लढवायचा हे ठरलेलं असे. बाबा तिथे दोन तास सहज काढतील. तटाच्या आत ज्यू वस्तीत १५७७ चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आहे. १९४४ च्या जुलैत इथले ज्यू नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीत नेले गेले. गर्दी तिथवर येत नाही, तुम्ही मात्र जा.

प्रतिसाद २

मार्मारिसचं तिकीट काढण्याआधी आई-बाबांचा शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक) व्हिसा बघा, तुर्कस्तान त्यात येत नाही. एकाच प्रवेशाचा असेल तर तुर्कस्तानात पाऊल टाकलं की तो संपला, बोट परत ऱ्होड्सला आली तरी त्यांना आत घेणार नाहीत. समुद्रातली सहलच हवी असेल तर सिमी बेटावर जा, तेही ग्रीसमध्येच.

धागाकर्ता

बाप रे! आत्ता पासपोर्ट उघडून पाहिले, दोघांचाही एकाच प्रवेशाचा आहे. मार्मारिस रद्द, सिमी नक्की. राजवाडा नवा आहे हे बाबांना अजून सांगितलेलं नाही, आधी खंदकात उतरवतो.