खांदा दुखतोय, कायरोप्रॅक्टरकडे जाऊ का?

नितीन: एक विचारायचं होतं. महिना झाला उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतंय, माळ्यावरची बॅग काढायला हात वर केला की कळ येते. डॉक्टर म्हणाले बायसेप टेंडनायटिस, म्हणजे दंडाच्या स्नायूला हाडाशी जोडणारा टेंडन दुखावलाय. मित्र म्हणतोय कायरोप्रॅक्टरकडे जा, ते हाताने मणके, सांधे हलवून उपचार करतात ना, दोनदा कडकड वाजवतात की मोकळं होतं. कुणी गेलंय का?

शैलाकाकू: जाऊन ये की रे, माझ्या भाचीच्या कंबरेला छान फरक पडला.

वैशालीताई: नितीन, थांब जरा. काकू, कंबरेचं ठीक आहे, पण हे दुखणं वेगळं. मी फिजिओ आहे, रोज हेच बघते, आणि मलाही झालं होतं, आईला बेडवरून उठवता उठवता. केसांना क्लिप लावायला हात वर जाईना, डाव्या हाताने उजवा कोपर उचलून धरायचे. बायसेपचा टेंडन म्हणजे दोरीच समज, ती दंडाच्या हाडाच्या खोबणीतून वर खांद्याच्या सांध्यात जाते, सारखी घासली, ताण पडला की चिडते. तो कडकड आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो त्याचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नाही, आणि त्याने टेंडन बरा होत नाही.

समीर: म्हणजे जायचंच नाही का ताई?

वैशालीताई: तसं नाही रे. चांगला कायरोप्रॅक्टर खांदा नीट तपासतो, आजूबाजूचे आखडलेले स्नायू हाताने सैल करतो, खांद्याच्या पात्याची हालचाल बघतो, व्यायाम देतो. त्याने मदत होऊ शकते, फिजिओकडेही साधारण हेच करतात. पण खांद्यासाठी कुणी मान झटक्यात फिरवत असेल तर सरळ नको म्हण. क्वचित होतं, पण मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो, आणि खांद्याच्या टेंडनला त्याचा काडीचा उपयोग नाही. खरं काम कंटाळवाणं आहे. डोक्यावरचं उचलणं काही आठवडे बंद, दुखलं तर 15 मिनिटं कापडात गुंडाळून बर्फ, आणि कळ कमी झाली की हलकं वजन घेऊन कोपर दुमडायचा आणि अगदी सावकाश खाली सोडायचा. मी पहिल्या आठवड्यात नुसती पाण्याची छोटी बाटली घ्यायचे, तीही थरथरायची. हात पूर्ण गळ्यात बांधून ठेवू नकोस मात्र, खांदा आखडतो.

शैलाकाकू: आणि ते इंजेक्शन देतात ते?

वैशालीताई: देतात काकू, पण टेंडनच्या आत नाही, त्याच्या आवरणात, आत गेलं तर टेंडन कमजोर होऊन तुटू शकतो म्हणून बरेचजण सोनोग्राफीवर बघून देतात. आणि नितीन, कधी टक्कन आवाज होऊन दंडात बॉलसारखा गोळा आला, निळं पडलं तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे जा. हाताला मुंग्या येतात का तुझ्या?

नितीन: अंगठ्याला येतात, रात्री जास्त. डॉक्टरांना सांगितलंच नाही, वाटलं हातावर झोपल्यामुळे असेल.

वैशालीताई: अरे मग हे आधी सांग ना त्यांना! मानेतली नस दबली तरी दुखणं दंडात, खांद्यात उतरतं आणि अंगठ्याला मुंग्या येतात. मान तपासून घे, गरज वाटली तर ते एमआरआय सांगतील. आणि तोवर कुणालाही मानेला हात लावू देऊ नकोस, ऐक माझं.

नितीन: उद्याच फोन करतो ताई.