लग्नाचा व्हिडिओ डीव्हीडीवर टाकल्यावर सगळे लांबुडके दिसतायत

प्रश्न: ताईच्या लग्नाचा व्हिडिओ १९२०×१०८० चा आहे, आजीच्या प्लेअरसाठी डीव्हीडी बनवली तर सगळे उभे ताणलेले दिसतात, ताईची गोल टिकली पण लंबगोल झालीये. काय चुकलं?

उत्तर १: पाल (PAL, आपल्याकडची टीव्ही पद्धत) डीव्हीडीत फ्रेम ७२०×५७६ चीच असते, चित्र ४:३ (रुंदी:उंची) असो की १६:९, फरक फक्त फाइलमधल्या एका फ्लॅगचा (खुणेचा), तो बघून प्लेअर चित्र आडवं ताणतो. तुमचा फ्लॅग ४:३ राहिलाय. ऑथरिंगमधे (डीव्हीडी बनवायच्या सॉफ्टवेअरमधे) १६:९ निवडा, आणि प्लीज काळ्या पट्ट्या स्वतः घालू नका, मग चित्राला ५७६ पैकी ४३२ च ओळी उरतात.

उत्तर २: आजींचा टीव्ही जुना डबा असेल तर प्लेअरच्या सेटअपमधे ४:३ लेटरबॉक्स ठेवा, म्हणजे वर-खाली काळ्या पट्ट्या प्लेअरच घालेल.

प्रश्नकर्ता: परत बर्न केली, टिकली एकदम गोल! खूप थँक्स दोघांना.