कुड्याला तास पुरत नाही

रायगड जिल्ह्यातली कुडा बौद्ध लेणी बघायला तासभर पुरेल का, असं एकाने विचारलंय. निदान तीन तास ठेवा. मांदाडजवळच्या या डोंगरात २६ लेणी आहेत, दोन पातळ्यांवर. बहुतेक जण खालचीच बघून परततात.

अर्धा वेळ सहाव्या लेण्याला द्या. अंगणात दोन्ही बाजूंना हत्ती, आत सपाट छताचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह. दर्शनी भागातली ठसठशीत, दागिन्यांनी मढलेली स्त्री-पुरुष युगुलं मूळ कामातली. बुद्धमूर्ती काही शतकांनंतर कोरल्या. उठाव आणि चेहरेपट्टी शेजारीशेजारी ताडून पाहिली की फरक लगेच कळतो.

शिलालेख ब्राह्मीत आहेत. दानकर्त्यांत माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी अशी साधी माणसं भेटतात, हे मला फार मोलाचं वाटतं. अक्षरं समोरून टॉर्च मारला की पुसट होतात, कारण खाचेत सावलीच पडत नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. खडू किंवा पाणी अजिबात लावू नका, झीज वाढते.

पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि पाण्याच्या पोढ्या (खडकात खोदलेली टाकी) काठोकाठ भरल्यावर जमिनीशी एकसारख्या दिसतात. मुलं असतील तर डिसेंबर-जानेवारी बरा.