बटन सेलवरचा ब्लूटूथ सेन्सर चार देशांत विकायचाय, मोड्यूलचं सर्टिफिकेट पुरेल का?

ओलावामापक:
कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर आहे. आत सीआर २०३२ सेल आणि तयार रेडिओ मोड्यूल. मोड्यूलला युरोपची सीई खूण आणि अमेरिकेची एफसीसी मंजुरी दोन्ही आहेत, म्हणजे चाचण्यांचा विषय संपला ना? युरोपबाहेरून पार्सलने थेट गिऱ्हाइकाला पाठवणार. जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका एकदमच सुरू करावं म्हणतोय.

शिक्कामोर्तब:
नाही संपला. अमेरिकेत मोड्यूलचा एफसीसी आयडी चालतो, पण अँटेना त्याच्या मंजुरीत नोंदलेलाच हवा आणि बाहेरून 'कंटेन्स एफसीसी आयडी' दिसायला हवं. उरलेल्या सर्किटची चाचणी वेगळी. युरोपात तर मोड्यूलचा सीई तयार वस्तूला लागूच पडत नाही. अख्ख्या वस्तूची तांत्रिक फाइल तुम्ही करायची आणि १० वर्षं जपायची. सेन्सरचा डेटा फोनमार्फत इंटरनेटवर जात असेल तर १ ऑगस्ट २०२५ पासून सायबरसुरक्षेची कलमंही लागतात. 'नुसतं ब्लूटूथ आहे हो' ही सबब चालत नाही.

सेलचं झाकण कसं आहे? मुलांनी बटन सेल गिळू नये म्हणून अमेरिकेत रीस कायदा आहे, त्यामुळे यूएल ४२००ए हे सुरक्षा मानक पाळावं लागतं. झाकण उघडायला हत्यार किंवा नाणं तरी लागलं पाहिजे, नाहीतर हाताच्या दोन वेगळ्या हालचाली एकाच वेळी.

नोंदवही:
चाचणी एकदा झाली की झाली, नोंदण्या मात्र देशागणिक. एकट्या जर्मनीत तीन: पॅकेजिंगची (तिच्या नोंदवहीचं नाव लुसिड), विद्युत उपकरणांची, बॅटरीची. किमान मर्यादा नाही, पहिल्या पार्सलपासून लागू. लुसिड फुकट आहे, पण सोबत ड्युअल सिस्टिमशी, म्हणजे वेष्टनाचा कचरा गोळा करणाऱ्या संस्थेशी, करार लागतो आणि दोन्हीकडे कळवलेले किलो जुळावे लागतात. चिकटपट्टी आणि आत कोंबलेला कागद वजनात धरायचा राहतो, आकडे तिथेच चुकतात.

विद्युत नोंदणीला जर्मनीतला अधिकृत प्रतिनिधी लागतो. ही नोंदणी फ्रान्सला उपयोगी नाही. तिथे पुन्हा पहिल्यापासून, वर कचरा वेगळा टाकायची खूण असलेलं ट्रिमन चिन्ह. शिवाय युरोपातल्या जबाबदार व्यक्तीचं नाव, टपालाचा पत्ता आणि ईमेल वस्तूवर किंवा वेष्टनावर छापायचा. ही भूमिका प्रतिनिधीपेक्षा वेगळी आहे, एकाच पत्रावर दोन्ही उरकत नाहीत.

करकटकट:
युरोपात १५० युरोपर्यंतच्या पार्सलला आयओएसएस ही व्हॅटची एकखिडकी नोंदणी घ्या, २७ देशांचा व्हॅट एका विवरणात जातो. बाहेरच्या विक्रेत्याला त्यासाठी सहसा मध्यस्थ लागतो. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंत व्हॅट विक्रेत्यानेच गोळा करायचा, पहिल्या विक्रीपासून. अमेरिकेत २०१८ च्या वेफेअर खटल्याच्या निकालानंतर किती विक्रीपुढे विक्रीकर गोळा करायचा याच्या राज्यागणिक मर्यादा आहेत: बऱ्याच राज्यांत वर्षाला १ लाख डॉलर, कॅलिफोर्नियात ५ लाख. ८०० डॉलरपर्यंतची आयातशुल्क माफी मात्र २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद आहे. जुना किमतीचा तक्ता असेल तर फेकून द्या.

ओलावामापक:
झाकण खटक्याचं आहे, नखाने उघडतं. साचा अजून कापलेला नाही.

शिक्कामोर्तब:
साचा कापला नाहीत म्हणून वाचलात. झाकण स्क्रूचं करा, आणि स्क्रू सैल झाल्यावर झाकणातच अडकून राहणारा घ्या. सुटून पडणारा चालत नाही. युरोपात आधी जर्मनी एकटीच उघडा. फ्रान्सचा खर्च तिथल्या विक्रीतून निघेल असं दिसलं की मग बघू.