बर्निंग स्पिअर: सुरुवात कुठून करू?

प्रश्न: बॉब मार्ली भरपूर ऐकून झाला. आता रेगे गायक विन्स्टन रॉडनी, म्हणजेच बर्निंग स्पिअर ऐकायचाय. पहिला अल्बम कुठला घेऊ?

प्रतिसाद: १९७५ चा 'मार्कस गार्वे'. बिनधास्त घ्या. रॉडनी जमैकातल्या सेंट ॲन्स बेचा. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा नेता मार्कस गार्वेसुद्धा तिथलाच, १८८७ चा जन्म. आपल्या गावच्या या माणसाला जग विसरतंय, हे दुःख त्या आवाजात भरून राहिलंय. तो फार कमी शब्द घेतो आणि तेच पुन्हा पुन्हा आळवतो. मागे ब्रासची साथ अशी, की अंगावर काटा येतो. आणि हो, स्टुडिओ वन या जमैकातल्या रेकॉर्डिंग स्टुडिओत जा हे त्याला मार्लीनेच सांगितलं होतं!

प्रतिसाद: निर्माता जॅक रुबी. पण परदेशी श्रोत्यांसाठी आयलंड या रेकॉर्ड कंपनीने मिक्सिंग बदललं, ते रॉडनीला पटलं नाही. पुढे त्याने स्पिअर नावाचं स्वतःचं लेबल काढलं. मला हा स्वाभिमान फार मोठा वाटतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. नंतरचं काही?

प्रतिसाद: 'कॉलिंग रास्ताफारी' आणि 'जाह इज रिअल'. दोन्हींना ग्रॅमी मिळालं. पण आधी १९७६ चा 'गार्वेज घोस्ट' ऐका, 'मार्कस गार्वे'चंच डब रूप, म्हणजे गाणं बरंचसं काढून वाद्यं आणि प्रतिध्वनी पुढे आणलेलं मिक्सिंग. हेडफोन लावूनच.