पाईनच्या लाकडाचं वजन कसं धरायचं? डेपोवाला १४ म्हणतो, हमाल २०

तेरणाकाठ (औसा तालुका, जि. लातूर)

राम राम मंडळी. आमचं तीन खणांचं जुनं माळवद, म्हणजे लाकडावर माती टाकलेलं सपाट छत, यंदा उतरवलं. दोन पावसाळे गळत होतं, मधल्या खणाचा सर, म्हणजे भार पेलणारं आडवं लाकूड, वाळवीनं पोकळ झाला होता, बोटानं दाबला की भुगा पडायचा. आता भिंती नव्या विटांच्या उचलल्यात आणि वर पाईनचे वासे टाकून मंगलोरी कौलं घालायचं ठरलंय. पत्रा आईला नको आहे. साठ वर्षं माळवदाच्या गारव्यात उन्हाळे काढलेल्या बाईला मे महिन्यात पत्र्याखाली बसवायचं मलाही पटत नाही.

लातूरच्या डेपोत यादी दिली ती अशी: तुळया ६ × ४ इंच, १४ फुटी, ४ नग. वासे ४ × ३, १० फुटी, ३६ नग. कौलांच्या पट्ट्या २ × १, १० फुटी, ६० नग. फुटातली लांबी गुणिले इंचातली रुंदी गुणिले जाडी, भागिले १४४, असा हिशेब करून तुळया ९.३३, वासे ३० आणि पट्ट्या ८.३३, मिळून ४७.६७ घनफूट झाले. इथपर्यंत सगळ्यांचं जमतं.

वजनावर येऊन अडलोय. डेपोवाला म्हणायलाय, घनफुटाला १४ किलो धरा, म्हणजे ६६७ किलो. त्याच्याच दारातला हमाल म्हणतो, २० च्या खाली येतच नाही, माझा खांदा रोज मोजतो. म्हणजे ९५३ किलो. मोबाईलवर एका तक्त्यात पाईन घनमीटरला ४५० किलो दिलंय, त्यावरून ६०७ येतात. गाडी पाऊण टनाची छोटा हत्ती ठरवली आहे. तिघांतल्या कुणाचं खरं मानू?

गाडीचं एक वेळ निभावेल. मला घोर आहे तो भिंतींचा. १९९३ ला मी सहा वर्षांचा होतो. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव दमून झोपलं होतं. भूकंपाचं किल्लारी आमच्यापासून लांब नाही. आमच्या गल्लीत दगडाच्या भिंती आणि वरची माती एकदमच खाली आली. आमचं घर तेवढं राहिलं. डोक्यावर किती वजन चढवतोय हे आकड्यात कळल्याशिवाय मला त्या घरात आईची बाज टाकायची नाही.

पटाशी (नांदेड, सुतारकाम)

भाऊ, डेपोवाला खोटं बोलत नाही आणि हमालही नाही. दोघं वेगवेगळ्या लाकडाबद्दल बोलायलेत.

आपल्याकडं येणारा बराचसा पाईन परदेशातला, त्यात रेडियाटा ही जात नेहमीची. ओंडके जहाजानं कांडल्याला उतरतात, गांधीधामच्या गिरण्यांत चिरतात आणि ट्रकनं इकडं येतात. हे लाकूड नीट वाळलेलं असेल, म्हणजे ओल १२ टक्क्यांच्या आसपास, तर घनमीटरला ५०० किलोच्या जवळ भरतं. एका घनमीटरात ३५.३ घनफूट, म्हणून घनफुटाला १४ किलो. डेपोवाल्याचा आकडा इथून आला. पण ताज्या ओंडक्याचा बाहेरचा भाग पाण्यानं इतका तुडुंब असतो की घनमीटरला ९००-१००० किलो जातो. पाण्याचं एक घनफूट २८.३ किलो, म्हणजे ओला पाईन जवळपास पाण्याइतकाच जड. असं चिरून पंधरा दिवसांत डेपोत आलेलं लाकूड २० काय, २५ सुद्धा भरतं. लाकूड तेच, आत पाणी किती यावर सगळा खेळ.

सॉफ्टवुड म्हणजे मऊ आणि हलकं अशी समजूत आहे, तीही सोडा. सुयांसारखी पानं असणाऱ्या झाडांचं ते सॉफ्टवुड: पाईन, देवदार, स्प्रूस. आपला पांगारा आणि सावर पाईनपेक्षा हलके, नखानं ओरखडा उठतो, तरी ते त्या वर्गात येत नाहीत. देवदार कोरडा ५५० च्या आसपास, साग ६५० च्या आसपास, बाभूळ ८०० च्या घरात. हे सगळे आकडे वाळलेल्या लाकडाचे, आणि तेही सरासरीचे. एकाच ओंडक्यातल्या गाभ्याच्या आणि बाहेरच्या फळीत फरक पडतो.

मी हे अंगावर घेऊन शिकलोय. परळीकडं एक पोटमाळा करायला घेतला होता. ८ × ५ ची १६ फुटी तुळई, ४.४४ घनफूट. मी १४ नं गुणलं, ६२ किलो, आणि दोन पोरांना उचला म्हणालो. माल पावसाळ्यात आलेला, भिजलेला. खांद्याच्या वर गेली आणि एका पोराचा खांदा निखळला. दुसऱ्या दिवशी तीच तुळई काट्यावर घातली, १०९ किलो. त्या दिवसापासून मोजल्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही.

तुम्ही असं करा. डेपोत जाऊन तुमच्याच थप्पीतल्या एका वाशाचा तुकडा मागा. टोकाचा घेऊ नका, टोक आधी वाळतं. टोकापासून दोन फूट आत येऊन पुढचा एक फूट कापून घ्या. त्याच तुकड्याशेजारून एक इंचाची चकतीही कापा. टेपनं रुंदी-जाडी खरी मोजा, पावतीवरची लिहू नका. चिरताना पातं लाकूड खातं, ४ × ३ चा वासा क्वचितच पुरा ४ × ३ मिळतो. फुटाचा तुकडा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा आणि इथं आकडे टाका.

चकती ग्रॅमच्या काट्यावर मोजा, मग ओव्हनमध्ये साधारण १०३ अंशावर वाळवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. ओल्या वजनातून कोरडं वजा, भागिले कोरडं, गुणिले १००. ती ओलीची टक्केवारी. भागायचं कोरड्यानं, ओल्यानं नाही. इथं लई जण चुकतात.

सोयाबीन_ते_सिमेंट (रेणापूर, पिकअप आहे)

वजनाआधी लांबी बघा दादा. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फुटांचा. तुमची तुळई चौदा फुटी, निम्मी बाहेर लटकणार. मागं वजन गेलं की पुढचं चाक हलकं पडतं, स्टिअरिंगला पकड राहत नाही, औशाच्या रस्त्यावर रात्री मागून येणाऱ्याला टोक दिसत नाही. मोठी पिकअप करा, तुळया केबिनवरून तिरक्या बांधा, टोकाला लाल फडकं, आणि दिवसा आणा.

तेरणाकाठ

सगळ्यांचे आभार. पिकअपच ठरवली.

मिस्त्री, काल डेपोत गेलो. मालकानं कुरकुर न करता तुकडा कापून दिला. वासा ४ × ३ नाहीच, ३¾ × २¾ आहे. तुळया ५¾ × ३¾, पट्ट्या १¾ × ¾. फुटाचा तुकडा किराणा दुकानात १ किलो ३१० ग्रॅम भरला. चकती आमच्या सोनाराकडं नेली. त्यानं गुंजेच्या हिशेबाचा काटा पुसून लाकडाची चकती ठेवली, १०९ ग्रॅम. पुतणीकडं केकचा ओव्हन आहे, त्यात सकाळपासून ठेवली. दुपारी ८२, संध्याकाळी ७३, रात्री ७१, आणि आज सकाळी परत तासभर ठेवून ७१ च. घरभर राळेचा वास सुटलाय.

आता ह्याचं पुढं काय करू?

पटाशी

फार छान काम केलंत. आता बघा.

तुकडा ३¾ × २¾ × १२, म्हणजे १२३.७५ घनइंच. घनफुटात १७२८ घनइंच, म्हणून ०.०७१६ घनफूट. १.३१० भागिले ०.०७१६, घनफुटाला १८.३ किलो. घनमीटरला साधारण ६४५. हमाल खऱ्याच्या जास्त जवळ होता.

ओल: १०९ वजा ७१, ३८ ग्रॅम पाणी. ३८ भागिले ७१, ५३ टक्के. वरून हाताला कोरडं लागलं असेल, आत कोरड्या लाकडाच्या अर्ध्याहून जास्त वजनाचं पाणी आहे.

आता दुसरी बाजू. खऱ्या मापानं तुळया ८.३९ घनफूट, वासे २५.७८, पट्ट्या ५.४७, एकूण ३९.६४. पावतीवर ४७.६७ आहेत. आठ घनफूट लाकूड पात्यानं खाल्लं, पैसे मात्र त्याचेही आहेत. ही बाजारातली चालत आलेली रीत आहे, पण वजन काढताना पावतीचं माप धरलं तर आकडा फुगतो. ३९.६४ गुणिले १८.३, ७२५ किलो. ओलीनं वर ढकललं, मापानं खाली ओढलं, म्हणून डेपोवाल्याच्या ६६७ पासून तुम्ही फार लांब दिसत नाही. पण पुढच्या खेपेला माप पुरं आणि लाकूड तेवढंच ओलं निघालं तर हाच हिशेब दोनशे किलोनं फसवेल.

तुळया जाड आहेत, त्या आत जास्त ओल्या असणार. एक तुळई वेगळी मोजा. एक टोक विटेवर, दुसरं टोक काट्यावर, दोन्ही एका पातळीत, आणि येईल त्याच्या दुप्पट करा. पट्टी बारीक, ती अख्खीच काट्यावर मावते.

आणि इतक्या ओल्या लाकडावर लगेच कौलं चढवू नका. ओला वासा भाराखाली वाकतो आणि वाकलेलाच वाळतो. पाईनला वाळवी लागते हेही विसरू नका, वाळल्यावर औषध मारूनच चढवा.

वीटकाम (छत्रपती संभाजीनगर)

मी बांधकामाच्या हिशेबाचं काम करतो. तुमची किल्लारीची ओळ वाचून राहवलं नाही, म्हणून तुमचं जुनं आणि नवं छत शेजारी मांडतो.

तीन खण म्हणजे ३० × १४ धरतो, ४२० चौरस फूट. माळवदावर पांढऱ्या मातीचा दीड फुटाचा थर. दरवर्षी गळतं म्हणून वर नवी माती, आणि जुनी कुणी काढत नाही, त्यामुळं कुठं कुठं दोन फूटही होतो. माती घनफुटाला ४५ किलो धरली तरी २८ टन होतात. खाली मातीत रचलेल्या दगडी भिंती, आतून-बाहेरून दोन वेगळे थर, मध्ये सांधणारा दगड नाही. १९९३ ला जमीन हलली तेव्हा अशा घरांवरचं हे वजनही हललं. जी घरं पडली त्यांची भिंत फुगली, फाटली, आणि वरचं सगळं झोपलेल्यांवर आलं.

नवं छत: वाशांचे दोन्ही उतार मिळून साधारण ६४० चौरस फूट. मंगलोरी कौल अडीच किलोचं, चौरस मीटरला चौदा-पंधरा, म्हणजे साडेआठशेच्या पुढं कौलं आणि सव्वादोन टनांच्या आत वजन. तुमचं ओलं लाकूड ७२५ किलो. सगळं मिळून तीन टनांच्या आत, जुन्याच्या जवळपास दहावा हिस्सा. भिंतीचा हिशेब करताना लाकडाचं ओलंच वजन धरा, वाळलं की उरलेला फायदा घराचा.

भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा घ्या आणि वासे त्याला बोल्टनं जखडा. माळवद स्वतःच्या वजनानं बसून राहायचं, वारा त्याला हात लावू शकत नव्हता. हलकं छत वैशाखाच्या वावटळीत खालून उचललं जातं. कडेच्या दोन ओळींतली कौलं तारेनं बांधा.

तेरणाकाठ

आठ दिवसांनी लिहायलोय. माल घरी आला.

तुळईचं एक टोक विटेवर ठेवून मोजलं. काट्यावर २१.५ आले, म्हणजे ४३ किलो. घनफुटाला साडेवीस झाले. मिस्त्री म्हणाले तसंच, ती वाशाहून ओली. पट्टी १ किलो ४६० ग्रॅम, घनफुटाला १६. वेगवेगळं धरून तुळया १७२, वासे ४७२, पट्ट्या ८८, मिळून ७३२ किलो. येताना वजनकाट्यावर गाडी आधी रिकामी घातली होती, मग भरून घातली. फरक ७४० आला. काट्यावरचा माणूस माझी वही बघून म्हणाला, काट्याआधीच लिहून आणलंय की.

माथ्याचा पट्टा ओतला, बोल्ट ओततानाच सोडले. लाकूड ओसरीत विटांवर रचलंय, प्रत्येक थराखाली आडव्या पट्ट्या, मधून हात जाईल एवढी फट. फुटाच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना ऑइल पेंट फासून तो थप्पीतच ठेवलाय, म्हणजे लांब वाशासारखाच वाळेल.

पटाशी

टोकांना पेंट फासलात हे बरं केलं. तुकडा १२ टक्के ओलीवर येईल तेव्हा किती भरेल ते काढून ठेवा: ७१ ला १.१२ नं गुणलं की ७९.५. म्हणजे आजच्या १०९ चे ७३ टक्के. १३१० चे ७३ टक्के, ९५५ च्या आसपास. तिथं आला की चढवा. तुमच्याकडं आता उन्हं तापतील, त्याखालीही जाईल, हरकत नाही. मृगाच्या आत होईल.

तेरणाकाठ

मिस्त्री, पाच आठवडे झाले. दर सोमवारी तुकडा दुकानात नेतो आणि त्याच्यावरच खडूनं लिहितो: १३१०, १२१५, ११४०, १०८५, आज १०५०. दुकानदार आता विचारतो, आज किती उतरला. आईला वाचता येत नाही, पण सोमवारी ती तुकडा आधी हातात घेऊन तोलते आणि मग मला देते. आज म्हणाली, अजून ओला हाय.